चार बोटं खाली

फोरमनकाका उघड्या आभाळाखालीही मान वाकवून चालत. आजवरची सारी नोकरी चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली गेलेली. तुमसरच्या माझ्या टायरच्या दुकानाचं शटर चांगलं उंच, तरी आत येताना ते डोकं खाली घालायचेच. मी हसलो की म्हणत, "हसू नको गा. छत कोणासाठी वर होत नाही, आपल्यालेच वाका लागते."

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळी होती, दोन गाठी मारलेली. एक गाठ काकूंच्या चाकाच्या खुर्चीची उंची, दुसरी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या सीटची. मध्ये चार बोटांचं अंतर. काकू अंगणात घसरून पडल्या आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. अंथरुणात पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. दर पंधरा दिवसांनी नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागे. खुर्चीवरून सीटवर फळी टाकून त्यांना सरकवायचं, पण फळी चढाची होई आणि शेवटी उचलावंच लागे.

"उचललं का तुही काकू रडते," काका म्हणाले. "दुखते म्हणून नाही. लाज वाटते तिले. तू गाडी चार बोटं खाली कर."

आखूड स्प्रिंगा लगेच मिळेनात, म्हणून मी होत्या त्याच कापल्या. गाडी खाली आली, काकू फळीवरून आपल्या हातांनी सरकून बसल्या. काका खूश. पण दोन खेपा झाल्या आणि ते परत आले. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला तो रस्ता, आणि कापल्याने कडक झालेल्या माझ्या स्प्रिंगा. "एक शब्द नाही बोलली," ते म्हणाले. "पण नागपूर येतवरी दरवाजाची मूठ नाही सोडली तिनं."

मग आम्ही नीट काम काढलं. बेताच्या उंचीच्या नव्या स्प्रिंगा नागपूरहून मागवल्या, त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर, सगळे रबरी बुश नवे. वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली जाडसर रॉड, चेसिसला पट्ट्या मारून आधार. टायर रुंद आणि गुबगुबीत घातले. ते वळताना मडगार्डला घासू लागले, म्हणून मडगार्डची कड ठोकून आत वळवली. तरी टायर बोटभर बाहेर दिसतच होते.

काका सुट्टी काढून रोज येत. मी नट आवळला की ते पान्याने त्यावर टिचकी मारून कान लावत. खाणीत छताचा दगड असाच ठोकून पाहतात म्हणे. "बद्द बोलला का समजजो, सुटलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझे तीन नट त्यांनी असे पकडले.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेहून परतताना त्यांनी गाडी मुद्दाम दुकानासमोर थांबवली. काकूंनी काच खाली केली. "भाऊ, आज मले गाडीत झोप लागली," त्या म्हणाल्या. काका दुसरीकडे पाहत होते.

असे चार महिने गेले. मग गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि नोंदणी नव्याने करायची वेळ आली. तपासणीला मी सोबत होतो. अधिकारी माणूस वाईट नव्हता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, टायर बाहेर आलेत, गाडी खाली केलेली आहे. कागदावर आहे तशी करून आणा."

"कागद बसते का साहेब गाडीत? बाई बसते," काका म्हणाले.

त्याने मान खाली घातली, पण सही केली नाही.

गाडी पूर्ववत करायला मूळ स्प्रिंगा हव्या होत्या, आणि त्या तर मी कापून बसलो होतो. त्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगा शोधता शोधता दीड महिना गेला. तोवर गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. काकांनी भाड्याची व्हॅन केली. काकांनी आणि व्हॅनच्या ड्रायव्हरने उचलून काकूंना आत ठेवलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "पोत्यासारखं नका उचलत जाऊ जी मले. आता घरीच राहू द्या." पुढची व्हॅन दारात आली आणि रिकामी परत गेली. जखम आत उतरली, ताप चढला. पोळ्याच्या आधी काकू गेल्या.

स्प्रिंगा त्याच आठवड्यात आल्या. मला वाटलं, आता काका येणार नाहीत. पण तेरवी आटोपल्यावर ते आले, आणि गाडी लावून बसले. मी ती वर केली. बारीक टायर चढवले, रॉड काढला. या वेळी त्यांनी एकाही नटाला कान लावला नाही.

तपासणीच्या तारखेला ते एकटेच गेले. दुपारी दुकानात आले, घडी केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"पास झाली. पाच वर्षं चालन म्हणते," ते म्हणाले. "आता सांग गा, कुठं जाऊ?"

मी हवेचा मीटर घेऊन उठलो. गाडीच्या चारही टायरांत हवा बरोबर होती. तरी मी पुन्हा एकदा सगळे तपासले.