बाजूची सीट

शेजारच्या मावशी रोज माझ्या पिकअपमधून भाजीची टोपली घेऊन भिवंडीच्या बाजारात येतात. चढण्याआधी टायरला हात लावून नमस्कार करतात, मग स्वतःच्या गुडघ्याला शिवी देतात.

मोठे टायर निवडताना दुकानदाराने विचारलं होतं, "गाडी उंच होईल. बाजूला कोणी बसतं का?"

"कोणी नाही," मी म्हणालो. मला गाडी रुबाबदार दिसायला हवी होती.

आज सकाळी मावशींनी नव्या टायरांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग चढायला पाय उचलला. तो पोचेना.

"गाडी बेस दिसतीय," त्या म्हणाल्या. "मी आपली एष्टीनं येईन."

मी निघालो. लिंबू नीट फुटलं का, ते त्या वाकून बघत होत्या.