माझी जीभ सासूच्या तोंडात

आमच्या गावात कोणाकडे मोठे पाहुणे यायचे असले, की घरची बाई सकाळीच माझ्या दारात उभी राहते. "बाई, आमच्या इथी जरा रस्सा टाकून द्या ना." मी पदर खोचते आणि निघते. माझ्यामागं माझी सासू निघते, काठी टेकत. आरमोरीच्या अलीकडच्या या दोन-चार गावांत माझ्या हातचं मटण नावाजलेलं आहे. गावरान कोंबडा, धानाच्या बांधीतल्या मासोळ्या, खेकडे, सगळं मी रांधते. आणि यातलं काहीएक मी आयुष्यात खाल्लेलं नाही. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी रश्श्याकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि मग पुन्हा वाढून घेतो.

लोकांना कारण लागतं. माळ आहे का? नवस आहे का? डॉक्टरनं बंद केलं का? आमच्या विहारातल्या एका भाऊंनी तर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की या बाई पंचशीलातलं पहिलं शील कडक पाळतात. अरे बाप्पा! मी कुठं काय पाळते? मी मच्छर मारते, विंचू दिसला तर चप्पल घेऊन धावते. मला मांस आवडत नाही, एवढंच आहे. लहानपणी गडचांदूरला आमच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी मटण शिजायचं. बाबा सिमेंट कारखान्यात कामाला, आठवड्यात तेवढाच एक दिवस सगळे सोबत जेवायचो. घरभर वास सुटला की भावंडं ताटं घेऊन बसायची. मलाही तो वास फार आवडायचा. पण घास तोंडात गेला की पोट उलटायचं आणि मी मागच्या नालीकडे पळायची. आईनं चारदा भरवून पाहिलं, पाचव्यांदा हात जोडले आणि माझ्यापुरती वांग्याची भाजी टाकायला लागली. वास आवडतो आणि घास जात नाही, असं माझं विचित्र लफडं आहे. कोणाला पटत नाही, तर न पटो.

लग्न ठरताना बाबांनी हे लपवलं नाही. "पोरगी मटण खात नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. सासू तेव्हा चांगली धडधाकट होती. तिनं पानाला चुना लावता लावता विचारलं, "खात नाई तं नाई. रांधता येते का?"

"म्हणजे काय! सगळं येते," बाबा म्हणाले.

माझे बाबा आयुष्यात फार कमी खोटं बोलले, पण हे मात्र अगदी ठोकून दिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. लग्नानंतरचा तो माझा पहिला पोळा. चुलीवर भलामोठा गंज, समोर मी, आणि बाहेर ओसरीवर सासरे, दीर, नणंदेचा नवरा. वासावर मी सगळं जमवलं. कांदा-खोबरं किती भाजायचं, मसाला कधी करपायच्या बेतात येतो, लसूण कच्चा राहिला की कसा नाकात जातो, हे मला बरोबर कळतं. पण मिठाला वास नसतो. माझी सगळी अडचण तिथंच आहे. मीठ घातलं की नाही, याचा मला भरवसा येईना. म्हणून पुन्हा घातलं. मग वाटलं, एवढ्या मोठ्या गंजाला एवढंसं काय पुरणार, म्हणून अजून एक मूठ.

ओसरीवर सासरे पहिल्या घासानंतर तांब्याभर पाणी प्याले. दिरानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून नुसता भात खाऊ लागला. नणंदेचा नवरा मोठा भला माणूस. तो म्हणाला, "वहिनी, समुद्र पाहाले गेलतो मी एकदा, त्याची आठवण आली." सगळे फस्सकन हसले आणि मी आत येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. बाबांची लाज वाटत होती, माझी लाज वाटत होती, आणि आता हे लोक मला गडचांदूरला परत धाडतील असंही वाटत होतं.

सासू आत आली. मला वाटलं, आता बापाचा उद्धार होणार. ती नुसती म्हणाली, "तुया बापानं फेकली ना? मले तवाच समजलं होतं." आणि पुढच्या रविवारी मी कोंबडा शिजवत होते तेव्हा ती येऊन चुलीजवळच्या पाटावर बसली आणि उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढं धरला.

"टाक इथी."

मी पळीतून रश्श्याचा थेंब तिच्या तळव्यावर टाकला. तिनं तो चाटला. डावा डोळा मिटला. सगळं घर जणू त्या डोळ्याची वाट पाहत थांबलं. "चिमूटभर," ती म्हणाली. मी चिमूटभर घातलं. पुन्हा थेंब, पुन्हा डावा डोळा.

"हाव."

तेव्हापासून तीस वर्षं हेच चाललं. तिच्या त्या 'हाव'शिवाय, म्हणजे होकाराशिवाय, मी कधी गंज उतरवला नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण एवढ्या वर्षांत ती एकदाही म्हणाली नाही, की अवं, एक थेंब चाखून पाहाले काय होते? बाकी सगळे म्हणायचे. तिला मात्र ते पटलेलं होतं: माझं नाक, तिची जीभ. हळूहळू गावातही आमची जोडी ठरून गेली. तेराव्या-चौदाव्याचं नाही म्हणत मी, पण बारसं, सोयरीक, जावयाचं पहिलं जेवण, सगळीकडे आम्ही दोघी. मी चुलीपाशी, ती पाटावर. म्हातारपणी तिनं एकेक काम सोडलं. शेतावर जाणं सोडलं, किल्ल्या मला दिल्या, धान किती झालं हे विचारायचंही सोडलं. एवढं एकच काम तिनं सोडलं नाही. कोणाकडून बोलावणं आलं की आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून माझ्याआधी तयार.

आता माझी मतं विचाराल, तर मला मतं आहेत आणि ती तिखट आहेत. माणूस मांस खातो म्हणून वाईट आणि खात नाही म्हणून देवमाणूस, असं मी कुठं पाहिलं नाही. पोरीला चंद्रपूरला नर्सिंगसाठी खोली पाहायला गेले होते. घरमालकीण बाईनं आधीच विचारलं, "व्हेज ना?" मी म्हटलं, मी तर पूर्ण. ती खूश. "वा, शुद्ध शाकाहारी!" मग चहा आला, बिस्किटं आली, आणि मग आडनाव विचारलं. सांगितलं. त्यावर तिला एकदम आठवलं, की खोली तिच्या भाच्यानं मागितलेली आहे. माझं ताट चाललं, आडनाव नाही चाललं. मी उठताना म्हटलं, "बाई, माझी पोरगी कोंबडीचं हाडूक चघळून चघळून खाते, आणि तुमच्यापेक्षा शंभरपट साफ मनाची आहे." त्या दिवसापासून 'शुद्ध' हा शब्द मी फक्त तुपापुरता ठेवला आहे. पोरीला दुसरीकडे छान खोली मिळाली, खाली खानावळ, रोज रात्री अंडाकरी.

ती पोरगी खरंच खादाड आहे. लहानपणापासून रस्सा उकळायला लागला, की येऊन गंजातली कलेजी पळवते. किती वेळा पळीनं हात मारला, सुधारली नाही.

आणि त्या सवयीनंच या हिवाळ्यात सगळं उघडं पाडलं.

पोरीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच दवाखान्यातला, तिनंच निवडलेला. त्याचे आईवडील चंद्रपूरहून आमचं घर पाहायला येणार होते. त्यांनी आधीच निरोप दिला होता, की आम्हाला बाकी काही नको, तुमच्या हातचा गावरान कोंबडा पाहिजे. मी सकाळपासून नुसती घिरट्या घालत होते. सासू पांढरं लुगडं नेसून पाटावर बसलेली. "अवं, बस की एका जागी," ती ओरडत होती. "पोरीची सोयरीक होऊन राह्यली, का तुही?"

मसाला भाजला, कोंबडा परतला, पाणी टाकलं. मीठ घ्यायला डबा उघडला आणि फोन वाजला. होणाऱ्या विहीणबाई. वैनगंगेच्या पुलावर पोचलो म्हणाल्या. मी डबा ठेवला, ओसरीवर सतरंजी टाकली, नवऱ्याला आंघोळीवरून दोन शब्द सुनावले आणि परत आले. रस्सा उकळत होता, वर लाल तेल सुटलं होतं, वास तर असा की माझाच जीव खूश झाला. नेहमीसारखा थेंब टाकला तिच्या तळव्यावर. तिनं चाटला. डावा डोळा मिटला.

"हाव," ती म्हणाली.

मी सांबार चिरून वर टाकला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तेवढ्यात पोरगी आली, गंजात पळी बुडवली, कलेजी उचलली, फुंकून तोंडात टाकली आणि तिथंच थांबली.

"आई! यात मीठच नाई. कणभर नाई!"

मी सासूकडे पाहिलं. तिनं तळवा लुगड्याला पुसला आणि चुलीतल्या लाकडाकडे पाहत राहिली. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं होतं. बाहेर गाडीचा आवाज आला.

"मीठ टाकाचंच आहे अजून," मी पोरीला म्हटलं. "आजीनं तिखट पाह्यलं. तू पाणी घेऊन जा बाहेर, पाहुणे आले." ती गेली.

आम्ही दोघीच उरलो. सासू हळूच म्हणाली, "मागच्या साली पावसाळ्यात ताप आलता ना मले. तवापासून काईच लागत नाई वं. गोड नाई, तिखट नाई. समदं मातीवानी लागते."

मग मला एकेक आठवलं. नासलेलं दूध ती मुकाट प्याली होती. माझं जळालेलं कारलं तिनं नावं न ठेवता संपवलं होतं, आणि मी आपली खूश झाले होते, की वयानं सासू नरमली! म्हणजे दीड वर्षं. दीड वर्षात आम्ही दोघींनी किती घरी रांधलं. दोन बारशी, एक घरभरणी, पोळ्याचं मटण. प्रत्येक ठिकाणी तिनं थेंब चाटला, डोळा मिटला आणि हाव म्हणाली. आणि कुठंच मीठ कमी पडलं नाही, की जास्त झालं नाही.

"मंग हाव काऊन म्हणत होत्या?" मी विचारलं. मला राग आला होता आणि हसूही येत होतं.

"तू चुकत नाई म्हणून," ती म्हणाली. "तुया हाताले कवाचं समजते. मीच बसून राह्यलो पाटावर. उठलो असतो तं मंग मी कुठी बसाचं?"

मी डबा उघडला आणि मीठ हातात घेतलं. किती घ्यायचं ते खरंच हाताला माहीत होतं, मलाच पत्ता नव्हता. रश्श्याला दोन उकळ्या येऊ दिल्या. मग पळीत थेंब घेतला आणि म्हटलं, "आई, हात करा."

"अवं, सांगतलं ना तुले. काई कळत नाई मले."

"न कळू द्या. तुमचा 'हाव' आल्याबिगर मी गंज उतरवत नाई. पाहुणे उपाशी बसतीन."

तिनं मग तळवा पुढं केला, थेंब चाटला आणि डावा डोळा मिटला. या वेळी जरा जास्तच वेळ मिटला, असं मला वाटलं.

"हाव."

पाहुणे असे जेवले की विचारू नका. व्याही बोटं चाटत होते. मुलगा तिसऱ्यांदा भात मागताना लाजला आणि तरी मागितला. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही खात नाही म्हणे. मग चव कोण पाहते?"

"आमच्या आई," मी म्हटलं. "तीस वर्षं झाली."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. हुशार आहे, गप्प बसली. सासूचा हात ताटावर थांबला होता. मग तिनं पाठ ताठ केली आणि ताट पुढं सरकवलं. "मले अजून एक पळी टाक वं सूनबाई. आज फस्क्लास झालं." मी वाढलं. त्या बाईनं ते सगळं संपवलं, हाडं सुद्धा चोखून.

संध्याकाळी सोयरीक पक्की करून पाहुणे गेले. मी माझं ताट घेऊन ओट्यावर बसले. लाखोळीच्या पाल्याची भाजी, भाकर आणि कांदा. सासू येऊन शेजारी टेकली आणि माझ्या ताटाकडे पाहायला लागली. मग म्हणाली, "कशी झाली वं भाजी? सांग मले."

मी एक घास खाल्ला. "जराशी आंबट हाये. मिरची मागून लागते. लसूण चांगला खरपूस झाला."

"अन् मीठ?"

"मीठ बरोबर हाये."

तिनं डावा डोळा मिटून सगळं ऐकून घेतलं.

"हाव," ती म्हणाली. "आता दुसरा घास खा, अन् सांग."