पितळेचा चुरा जुळतो

बचाव पक्षाच्या वकीलबाईंनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर नुसते गोल आणि बाण.

"हे वाचता येतं, साहेब?"

"सत्यनारायणाची मांडणी दिसतेय," मी म्हणालो. कोर्ट हसलं. आरोपी सुदाम हसला नाही.

चाकणच्या एका कारखान्याच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मागून सुपरवायझरचं डोकं फोडलं होतं. सुदाम कुरुळीचा, लेथ चालवणारा. त्याच सकाळी दोघांचं वाजलं होतं. सुपरवायझरच्या शर्टावर पितळेचा चुरा मिळाला, सुदामच्या लेथवरचाच. सरकारी प्रयोगशाळेतून मी अहवाल दिला: 'चुरा जुळतो.' तेवढ्यावर जामीन नाकारला आणि सुदाम अकरा महिने आत बसला.

तर तो कागद. एकेक गोल म्हणजे घडू शकणारी एकेक गोष्ट. बाण म्हणजे कशामुळे काय होतं. एका गोलात 'हल्ला केला', दुसऱ्यात 'हवा मारली', आणि दोन्हींचे बाण 'शर्टावर चुरा' या गोलाकडे. बाईंनी तो एका संख्याशास्त्रज्ञाकडून करून घेतला होता. हिशेब साधा. सुदामनं मारलं असेल तर चुरा सापडण्याची शक्यता किती? मारलं नसेल तर किती? दोन्ही सारख्याच निघाल्या, तर पुराव्याला वजनच नाही.

"हवा मारणं म्हणजे काय, माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

मी घसा खाकरला. तेवढ्यात पिंजऱ्यातून सुदामच बोलला, "आवो सायेब, शिफ्ट सुटली की आमी पाइपनं एकमेकांच्या अंगावर हवा मारतो, कपडे झटकायला. ह्याचा चुरा त्याच्यावर. सुपरवायझरबी माझ्याकडनंच मारून घ्यायचा!"

"तू गप्प बस," न्यायाधीशांनी त्याला दटावलं आणि मला विचारलं, "मारहाण झाली नसती तरी चुरा सापडला असता?"

"हो."

सुदाम सुटला. कंपनीनं मात्र परत घेतलं नाही.

माझ्या निरोपसमारंभात त्या 'हो'चं फार कौतुक झालं. प्रामाणिक तज्ज्ञ वगैरे. मी मान खाली घालून शाल घेतली. आता खरं सांगतो. नमुने आणायला मी स्वतः त्या कारखान्यात गेलो होतो. निघताना एक ऑपरेटर म्हणाला, "थांबा सायेब, लई चमकताय," आणि त्यानं माझ्या पँटवरही हवा मारली. गुदगुल्या झाल्या. मी हसलो. अहवालात लिहिलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आपणहून लिहिलं असतं तर शाल मिळाली नसती. सुदामचे अकरा महिने तेवढे वाचले असते.