मेणबत्ती की डिझेल

नाकवाल्या काकांच्या दुकानात अत्तर लावून जायची सोय नव्हती. नारपोलीचा एखादा लूमवाला कानात अत्तराचा फाया खोचून आला, की काका आतूनच ओरडायचे, "भाईजान, बाहर रुको! मेरा नाक बिगडेगा." काकींनासुद्धा देवापुढे अगरबत्ती लावायला दुकान बंद व्हायची वाट बघावी लागे.

दुकान अंजूरच्या रस्त्यावर, प्लास्टिक वेल्डिंगचं. मी जवळच्याच गोदामात कामाला, त्यामुळे तडकलेले क्रेट घेऊन सारखं जाणं व्हायचं. क्रेट ज्या प्लास्टिकचा, जोडायची कांडीही त्याच प्लास्टिकची वितळवावी लागते, नाहीतर सांधा धरत नाही. क्रेटवरचा प्लास्टिकच्या जातीचा छाप तर झिजलेला असायचा. मग काका कडेचा बारीक तुकडा कापून पेटवत, फुंकून विझवत आणि डोळे मिटून धूर हुंगत. "मेणबत्तीचा वास आला तं एचडी, डिझेलचा आला तं पीपी. यात काय हाय?" असं म्हणत, पण भाव असा खात की बघून हसू यावं.

करोनातून उठल्यावर काकांनी दुकान उघडलं. एकदा अत्तर लावलेलं गिऱ्हाईक थेट त्यांच्या शेजारी येऊन बसलं, आणि काका खुशाल कांडी वितळवत राहिले. पुढे त्यांनी जोडून दिलेले आमचे क्रेट माल भरताच सांध्यावर उकलले.

ते परत नेले, तेव्हा काकांनी नखाने नुसतं उचकटलं. कांडी सालीसारखी निघून आली.

"मना वास न्हाय येत, बाय. डागतर म्हनतो, येल. कवा येल?"

मग त्यांनी तुकडा पेटवून विझवला आणि माझ्या नाकापुढे धरला. "तू सांग."

"जळल्यासारखा येतोय, काका."

"जललाय त्यो मना बी दिसतो. मेनबत्ती का डिझेल?"

मी पुन्हा हुंगलं. त्यांनी दुसरा तुकडा पेटवला, मग तिसरा. डोळ्यांतून पाणी आलं, पण मला सगळे धूर सारखेच. शेवटी अंदाजाने मेणबत्ती म्हणाले. त्यांनी एचडीची कांडी लावली, सांधा निवू दिला आणि ओढून पाहिला. तो सुटला. मला रडू आलं. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं.

आता काकी दुकानात सकाळीच अगरबत्ती लावतात. मी गेले की काका धुराकडे बघत विचारतात, "आज कसली हाय?"

"मोगरा," मी सांगते. तेवढंच मला ओळखता येतं.