आरशावरची हिरवी टिकली

आधीच सांगून टाकतो – भूत, संकेत, दृष्टान्त यातलं मला काहीही मान्य नव्हतं, आणि बरंचसं अजूनही नाही. उभी नोकरी मी विम्याचे क्लेम तपासण्यात घालवली. आग लागली की एकतर शॉर्टसर्किट असतं नाहीतर मालक असतो, तिसरं कारण मी पाहिलेलं नाही. करजणच्या एका गोदामात 'आपोआप' लागलेली आग मी तिथल्याच टपरीवर चहा पिता पिता उलगडली होती. तेव्हा हे कोण लिहितोय ते ध्यानात ठेवून वाचा.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. सोसायटी, तिसरा मजला. मी, बायको वासंती आणि सासूबाई. सासूबाईंचं सगळं आयुष्य इथल्याच दांडिया बाजार भागात गेलं, शाळेत गणित शिकवण्यात. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, आणि येताना एक गुपित घेऊन आल्या. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली रहस्यकथांची पुस्तकं. आतली मुखपृष्ठं जावयाने बघू नयेत अशीच होती. मी बघितली, आणि आमची मैत्री जमली.

तर आम्हा दोघांना एकच व्यसन – ते गरमागरम क्राइम थ्रिलर. उकाड्याचं गाव, पाठीला चिकटलेला शर्ट, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, उगाच फिरणारा पंखा... आणि नवऱ्याला कंटाळलेली एक बाई. मग तिला भेटतो एक पुरुष, जो स्वतःला फार शहाणा समजतो. पुढे काय होणार हे तुम्हाला, मला, सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला नसतं. तरी आपण श्वास रोखून बघतो, कारण त्याच्या जागी आपणही गेलो असतो हे आतून ठाऊक असतं. सासूबाईंचं मत याहून कडक आहे. "यात कुणी कुणाला फसवत नाही, सुधीरराव. ज्याला फसायचंय तो आपल्या पायांनी येतो."

मला हे सिनेमे आवडतात ते आणखी एका कारणाने. त्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. हव्यास, वासना, मत्सर – शेवटी सगळ्याचा मेळ लागतो, आभाळातून काही पडत नाही. शिवाय अशी मंडळी मी नोकरीत प्रत्यक्ष पाहिलीत, फक्त ती दिसायला इतकी देखणी नव्हती.

वासंतीला हे अजिबात पसंत नव्हतं. "आई, जावयाच्या शेजारी बसून असलं बघतेस, लाज नाही वाटत?"

"वाटते ना," सासूबाई म्हणायच्या. "म्हणून तर रिमोट त्यांच्याकडे दिलाय."

कारण आमची एक रीत ठरलेली होती. तसला सीन सुरू झाला की सासूबाई चष्मा काढून पुसायला घ्यायच्या, मी घसा खाकरायचो आणि फॉरवर्ड दाबायचो. पंचाईत अशी की अर्धे पुरावे नेमके तिथेच असतात. किल्ली कुणी उचलली, उशीखाली काय सरकवलं... सगळं पळून जायचं आणि शेवट कळायचा नाही. मग मी एकटाच मागे जाऊन तपास करायचो आणि सासूबाईंना त्याचा शाकाहारी अहवाल द्यायचो.

तो जानेवारीतला रविवार होता. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेलं होतं, तारांवर पतंगांचे सांगाडे लटकत होते, आणि बडोद्याच्या मानाने गारठा बराच होता. सकाळचा चहा-नाश्ता आटोपून आम्ही सिनेमा लावला. नाव सांगत नाही – परदेशी होता, वर सांगितला त्याच घाटाचा. वासंती टॉवेल घेऊन आमच्यासमोरून गेली. "मी डोकं धुणार आहे, वेळ लागेल. तुम्ही दोघं बेसो शांतीथी, तुमच्या त्या बाईपाशी." बाथरूमचं दार लागलं, कडी सरकली.

बराच वेळ गेला. सिनेमा रंगात आला होता. ती बाई आणि तो शहाणा एका खोलीत शिरले, आणि पडद्यावर एकदम बाथरूम आली. सगळीकडे वाफ. मी सवयीने रिमोट उचलला, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हिच्या आरशावर टिकली कशी?"

मी बघितलं. आरसा धुरकटलेला होता, आणि उजव्या कोपऱ्यात चिकटवलेली होती हिरवी चंद्रकोर टिकली. आपल्या बायका अंघोळीआधी कपाळावरची काढून चिकटवतात ना, अगदी तशी. खाली निळी बादली. भिंतीवर गॅस गीझर, पेटलेला. वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी, तिला आतून थर्माकोल लावून वर खाकी चिकटपट्टी मारलेली. आरशात मात्र कुणीच नव्हतं. ती बाई नव्हती, तो पुरुषही नव्हता.

"सुधीरराव, वासंती कधीची आत आहे?"

तेव्हा मला आमच्याच घरातलं पाणी ऐकू आलं. बादली भरून वाहत होती, आणि कितीतरी वेळ वाहत असावी.

मी दार वाजवलं, हाक मारली. मग लाथ घातली, पुन्हा घातली, आणि कडी निखळली. वासंती भिंतीला टेकून खाली बसली होती, मान कलंडलेली, केस ओले, डोळे अर्धवट उघडे. वर खिडकीला थर्माकोल होता. त्यावर खाकी पट्टी होती. मी गीझर बंद केला आणि तिला ओढत गॅलरीत आणलं. माझ्यामागे सासूबाईंनी स्टुलावर चढून तो थर्माकोल नखांनी ओरबाडून काढला. शेजारच्या हंसाबेन "शुं थयुं?" करत आल्या आणि बघताक्षणी त्यांनी नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं. गाडीत सासूबाई लेकीचे तळवे चोळत होत्या आणि तिला 'वासू, वासू' म्हणत होत्या. हे नाव मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली. आयुष्यात तेवढी कधी वाटली नाही.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गीझरचा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास. आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. वारा बोचतो म्हणून खिडकी तिनेच बंद केली होती.

ती हॉस्पिटलमध्ये असतानाच मी माझ्या पद्धतीने तपासाला लागलो. साक्षीदाराचा जबाब वेगळा घ्यायचा असतो. मी काय पाहिलं ते न सांगता सासूबाईंना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं – चंद्रकोर, निळी बादली, चिकटपट्टी. "आणि आरशात कुणी नव्हतं," असंही त्या आपणहून म्हणाल्या.

मग मी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि फॉरवर्ड न करता बघितला. ती खोली आहे, पलंग आहे, पंखा आहे. बाथरूम त्या अख्ख्या सिनेमात कुठेही नाही. मी दुसऱ्यांदा बघितला, तरी नाही.

तुम्ही म्हणाल, पाण्याचा आवाज कानावर पडत होता, मनाने चित्र रचलं. मलाही हे पटलं असतं. पण दोघांच्या मनांनी एकच चित्र? बरं, बादली घरातलीच होती, थर्माकोल कधीतरी नजरेखालून गेला असेल, तसंच टिकलीचं. सकाळी वासंतीच्या कपाळावर बघितली असेल. ती घरी आल्यावर मी तिला विचारलं.

"ती हिरवी होय?" वासंती म्हणाली. "हळदीकुंकवाच्या वाणात पाकीट मिळालं होतं. आत गेल्यावरच फोडलं. लावून बघितली, शोभेना, म्हणून आरशावर लावून ठेवली."

म्हणजे आतून कडी लावल्यानंतर.

इथे माझा तपास थांबला. 'कारण समजले नाही' असं लिहून मी नोकरीत एकही फाइल बंद केलेली नाही. हीही करत नाही, उघडीच ठेवलीय.

आता आमच्याकडे विजेचा गीझर आहे आणि खिडकी थंडीतही उघडी असते. वासंती रविवारी आमच्याबरोबर बसते आणि रिमोट तिच्या हातात असतो. तसला सीन आला की आता कुणी चष्मा पुसत नाही, कुणी खाकरत नाही. तिघंही डोळे ताणून बघतो – त्या दोघांकडे नाही, त्यांच्या मागच्या भिंतीकडे. मग वासंती म्हणते, "काही नाही," आणि पुढे पळवते.

तिच्या टिकल्या रोज बदलतात. ती हिरवी चंद्रकोर मात्र अजून आरशावरच आहे. आरसा पुसताना आम्ही तिघंही ती तेवढी जागा सोडून पुसतो. मीसुद्धा... आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.