हेमाकाकूंच्या पट्ट्या

हेमाकाकू मॅटवर ऊन पडू देत नसत. सकाळी आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यात शिरल्या की आधी खिडकीचा पडदा ओढायच्या, मग कापायच्या टेबलावरची हिरवी प्लॅस्टिकची मॅट ब्रशने झाडायच्या. तिथे तुकड्यांच्या गोधड्या बनतात. काकू निर्मळहून यायच्या आणि गोल पात्याच्या कटरने कापडाच्या पट्ट्या कापायच्या. मी गोधड्यांचे फोटो काढून ऑनलाइन विक्री सांभाळायचे, उरलेल्या वेळात त्यांच्या हाताखाली शिकायचे.

पहिल्याच आठवड्यात मी गरम चहाचा कप मॅटवर ठेवला. उचलला तेव्हा खाली फुगवटा आला होता. घाबरून मी त्यावर जाड पुस्तक ठेवायला निघाले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "मॅटला ताप आला की उतरत नाही. तुमच्या कॉन्व्हेंट शाळेत कपाखाली बशी घ्यायला शिकवत नाहीत वाटतं?"

शिक्षा म्हणून त्यांनी मला कटर साफ करायला लावला. स्क्रू काढायचा, पात्यामागचा कापसाचा भुगा पुसायचा, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि स्क्रू बेताने आवळायचा. "पातं फिरलं पाहिजे, पोरी. अडलेलं पातं कापत नाही, चावतं."

कापताना धागा राहिला तरी त्या चिडत नसत. "ठरावीक अंतरावर राहतोय? मग पात्याला खाच पडलीय. दरवेळी एकाच जागी राहतोय? मग मॅटला चर पडलाय, फिरवून घे." दोनच कारणं. तोवर त्यांच्या पट्टीत मी सुताचाही फरक पाहिला नव्हता.

गेल्या जूनमध्ये त्यांच्याच पट्ट्यांत धागे राहायला लागले, कडा वाकड्या यायला लागल्या. शिवणाऱ्या बायका कुरकुरल्या. काकूंनी पातं बदललं. मॅट फिरवली, उलटी केली, शेवटी नवी मागवली. मग आणखी एक. "हल्ली मॅटच भुसभुशीत येतात," म्हणाल्या. पण धागे ठरावीक अंतरावर राहत नव्हते, एका जागीही नाही. कुठेही राहत होते. मी समोर बसायचे. कटर खाली ठेवला तरी त्यांचा उजवा अंगठा हलत राहायचा.

मी बोलले नाही. असलं काही मला घरच्यांशीही बोलता येत नाही. मी रोज अर्धा तास लवकर यायला लागले आणि त्यांनी आदल्या दिवशी कापलेल्या पट्ट्यांच्या कडा सरळ करून ठेवायला लागले. बायकांची कुरकुर थांबली. मला वाटायचं, मी काकूंना सांभाळतेय.

नोव्हेंबरात एका सकाळी काकू लवकर आल्या. टेबलावर त्यांच्या पट्ट्या होत्या, बाजूला मी काढलेली कतरण. त्यांनी एक कतरण उचलून उजेडात धरली. ती थरथरत होती.

"रोज करतेस?"

"हो."

"बायका बोलेनात, तेव्हा मला वाटलं, नवी मॅट चांगली निघाली." त्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्यांनी काही कापलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. "डॉक्टरांसमोर बसलेय. हात कधीपासून असा, विचारतायत. मला काय ठाऊक? मी मॅट बघत होते. तू सांग."

"जूनपासून," मी म्हणाले.

त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. मग त्या डॉक्टरांना सांगताना ऐकू आलं, "जून. आमच्या गाळ्यातल्या पोरीला माहीत होतं."

फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी मला कधी फोन केला नाही.