ऋषीच्या भाजीत बैल

परसातली बाग नांगरून घेणं हे पाप आहे, हे मला भाद्रपदात कळलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा ठाकुर्लीला राहायचो. घरामागे आईची बाग. भेंडी, पडवळ, शिराळी, अळू, सुरण, माठ, भोपळा... काय नव्हतं विचारा! ऋषिपंचमीला आळीतल्या साऱ्या बायका भाजी जेवायला आमच्याकडेच. त्या दिवशी त्यांना बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही ना! आणि आई तर छाती फुगवून सांगायची, "माझ्या बागेत बैलाची सावलीसुद्धा पडलेली नाही!"

त्या वर्षी ज्येष्ठात आई आणि माझी बायको सुमती अलिबागला मावशीकडे गेल्या. जाताना आई म्हणाली, "बाळ, तेवढी बाग खणून ठेव रे."

मी कुदळ घेतली. थोड्याच वेळात तळहातांना असे फोड आले की टाक धरवेना (आणि मी तर कारकून!). तेवढ्यात शेजारचा पदूदादा बैल घेऊन शेतावर निघालेला दिसला.

"दादा, जरा आमच्या परसातून चक्कर मारतोस?"

माझा चहा संपायच्या आत जमीन भुसभुशीत! ज्येष्ठात भाद्रपद कुणाला आठवतो हो?

आईने परतल्यावर बाग पाहिली आणि तिचे डोळेच भरून आले. "माझ्या लेकाने एकट्याने खणली!" असं आळीभर सांगून आली. वर तुपाने थबथबलेला शिरा केला. अशा वेळी खरं बोलून शिऱ्याचा अपमान कोण करील?

पंचमी उजाडली. बायका उपाशीपोटी येऊन बसल्या. भाजीचं पातेलं रटरटत होतं. इतक्यात कुंपणावरून पदूदादा ओरडला, "काय गो काकी, माझे बैलांनी नांगरलेली बाग कशी फुललेय बघ!"

आळीतल्या सगळ्यांत कडक अशा गोदाकाकूंच्या हातातली पळी खाली पडली. आईचा चेहरा पांढराफटक!

"बैल नुसते फिरले गं," मी म्हटलं.

"मागे नांगर लावून?" सुमतीने विचारलं. (स्वतःची बायको!)

"एकच बैल होता..."

"दोन होते!" पदूदादा पलीकडून म्हणाला.

"आता भाजी कल्याणच्या बाजारातून आणायची का?" एकीने विचारलं.

"ती तर बैलगाडीतूनच येते!" गोदाकाकू कडाडल्या. "आता दिवसभर उपाशीच बसायचं आम्ही?"

आईने पदर खोचला. तिची इतक्या वर्षांची अब्रू त्या पातेल्यात शिजत होती. "पदू, नांगर कुठवर फिरला?"

"मधीच, काकी. कडेला बैल वळतच नव्हते."

झालं! आई बागेच्या कडेकडेने निघाली. न्हाणीच्या पाण्यावरचं अळू, कुंपणावरचं पडवळ आणि शिराळी, उकिरड्यावर आपोआप उगवलेला भोपळा, पायरीच्या फटीतला माठ, विहिरीमागचा सुरण. भेंडी तेवढी बाद! सुरण मी खणला आणि चिरलाही मीच, दोन्ही हात कराकरा खाजवत. नवं पातेलं चढलं, बायका पोटभर जेवल्या आणि गोदाकाकूंनी चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पहिलं पातेलं मला एकट्याला संपवावं लागलं.

मी वाट पाहत होतो, आई आता रागावेल, मग रागावेल. पण ती शांतपणे म्हणाली, "बाळ, शास्त्रात बैलाचे कष्ट चालत नाहीत. गाढवाचे चालतात."

तेव्हापासून आमची बाग दर वर्षी अगदी शास्त्राला धरून खणली जाते!